निरगाठ

माझ्या नवऱ्याच्या मते समुद्र त्याच्या रक्तात आहे. पुरावा एकच, तो रत्नागिरीचा. आजोबा पोस्टमास्तर, वडील बँकेत. घराण्याचा समुद्राशी संबंध बांगड्याच्या भावापुरता. पण साउदॅम्प्टनला नोकरी लागली आणि रक्तानं उचल खाल्ली. पाच दिवसांचा डे स्किपर कोर्स करून त्यानं ३२ फुटी शिडाची बोट भाड्यानं घेतली. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या लिमिंग्टन गावापासून पूल नावाच्या बंदरापर्यंत, वीसेक सागरी मैल. स्किपर तो, खलाशी मी. मी पुण्याची, टिळक टँकवर पोहायला शिकलेली.

प्रवासाबद्दल माझी तक्रार नाही. हर्स्ट कॅसल हा आठव्या हेन्रीचा किल्ला, त्याच्यासमोरच्या चिंचोळ्या जागेतून उधाणाची ओहोटी चार नॉटच्या, म्हणजे ताशी चार सागरी मैलांच्या वेगानं बाहेर पडते. बोटीचे पाच, ओहोटीचे चार, जीपीएसवर नऊ. "बघ, कशी पळवतोय!" पळवत होता चंद्र, पण मी काही बोलले नाही. पुढे नीडल्सचे पांढरे खडक. ज्या सुईसारख्या सुळक्यावरून हे नाव पडलं, तो १७६४ च्या वादळात कोसळला. उरलेत त्या दाढा, पण नाव सुयाच. उत्तरेचा छान वारा होता. तिखटमिठाच्या पुऱ्या खाल्ल्या, दोघांनी एकमेकांचे फोटो काढले. लग्न टिकेल असं वाटत होतं.

पूल बंदराच्या तोंडाशी सँडबँक्सची फेरीबोट साखळ्यांवरून या काठाहून त्या काठाला जाते. तिच्यावर काळा गोळा चढला की ती निघणार, आपण लांब राहायचं. गोळा आम्हाला बघूनच चढला. बोटीला ब्रेक नसतो, म्हणून आम्ही तिथल्या तिथे तीन प्रदक्षिणा घातल्या. फेरीतल्या मोटारींमधून मुलांनी टाटा केला.

मग मरीना, म्हणजे बोटी लावायचा तळ. रेडिओच्या चॅनेल ८० वर नवऱ्यानं जागा मागितली. पलीकडून खरखरत काहीतरी उत्तर आलं. "उजवी बाजू लागेल," तो म्हणाला. बोट धक्क्यावर आपटू नये म्हणून कडेला लटकवायचे फुगे म्हणजे फेंडर; मी पाचही फेंडर उजव्या कठड्याला बांधले. कोर्सवाल्यांनी फेंडर बांधायची खास गाठ शिकवली होती, ती मला त्यानं तीनदा दाखवलीही होती. पण सुटायला नको म्हणून मी आपली निरगाठ मारली.

बोटींच्या दोन रांगांमधल्या बोळात शिरलो. इतका अरुंद बोळ मी शनिवार पेठेतही पाहिला नव्हता. आणि धक्क्यावरचा पोरगा हात हलवून दाखवत होता, डावी, डावी!

"अगं, फेंडर इकडे घे!"

"अरे, सुटत नाहीत!"

"सुटत नाहीत म्हणजे?"

म्हणजे काय ते चड्डीच्या नाडीला निरगाठ बसलेल्या कोणत्याही माणसाला विचारावं. ओल्या दोरीची ती गाठ नखांनी सुटेना, दातांनी सुटेना. दोन कशाबशा सोडवल्या आणि ते फेंडर घेऊन डावीकडे धावले, तोवर वाऱ्यानं बोटीचं तोंड फिरवायला सुरुवात केली. नवरा मराठीत ओरडत होता. मीही. आजूबाजूच्या कॉकपिटमधे चहाचे मग घेऊन जोडपी बसली होती. एकानंही मान वर केली नाही. इंग्रज माणूस तुमच्याकडे बघत नसतो तेव्हा तो सगळं बघत असतो.

शेवटी नवऱ्यानं रिव्हर्स टाकला. आमच्या बोटीचा पंखा असा फिरतो की रिव्हर्समधे तिचं ढुंगण आपोआप डावीकडे सरकतं. एरवी याच गोष्टीबद्दल तो सकाळपासून कुरकुरत होता. आत्ता ती अलगद पाँटूनला, म्हणजे तरंगत्या धक्क्याला टेकली. "असंच करायचं होतं," तो म्हणाला. पोरानं दोर झेलला, "लव्हली डे" म्हणाला आणि गेला.

शेजारच्या बोटीवरची साठीची बाई मग घेऊन कठड्याशी आली. उजवीकडे अजून लटकणाऱ्या तीन फेंडरांकडे तिनं बराच वेळ निरखून पाहिलं. चाळीस वर्षं बोटी चालवतेय, म्हणाली, ही गाठ मात्र कधी पाहिली नाही. काय म्हणतात हिला?

"निरगाठ," मी म्हटलं.

तिनं तो शब्द दोनदा तोंडात घोळवून पाहिला, गाठ चिमटीत धरून ओढून पाहिली, आणि आपल्या नवऱ्याला हाक मारून चाकू आणायला सांगितलं.