घर बांधणाऱ्याला नियम, प्लॉट पाडणाऱ्याला मोकळीक

तुकडेबंदी कायदा मोडून विकलेले जमिनीचे छोटे तुकडे फुकटात नियमित करून द्यायची माफी सरकारनं दिली, तिच्यावरून आमच्या गावाकडच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दोन तट पडलेत. एक म्हणतो, "आमची जमीन, आम्ही काय पण करू." दुसरा, जो बहुतेक करून पुण्यात फ्लॅट घेऊन बसलाय, म्हणतो, "शेती वाचलीच पाहिजे, सगळी बांधकामं बंद करा." मला दोन्ही पटत नाही. तिथं मावणार नाही म्हणून इथं लिहितोय, मोठं झालंय.

आधी कायद्याचं थोडक्यात. तुकडेबंदी कायदा १९४७ चा. शेताचे इतके बारीक तुकडे होऊ नयेत की कसणंच परवडणार नाही, हा हेतू. ऑगस्ट २०२३ पासून राज्यातल्या बहुतेक जिल्ह्यांत बागायतीला १० आणि जिरायतीला २० गुंठे हे प्रमाणभूत क्षेत्र आहे, म्हणजे याहून लहान तुकडा पाडायचा नाही. कागदावर एवढं, आणि पुण्याच्या आजूबाजूला वर्षानुवर्षं एक-एक, दोन-दोन गुंठे विकले गेले. २०२१ च्या जुलैत सरकारनं परिपत्रक काढून अशा तुकड्यांची दस्तनोंदणी थांबवली, २०२२ च्या मे महिन्यात औरंगाबाद खंडपीठानं ते परिपत्रक रद्द केलं. या सगळ्यात एजंट लोकांचं काही अडलं नाही. अकरा अनोळखी माणसं एकत्र आणायची, अकरा गुंठ्यांचा एकच दस्त करायचा, सातबारावर सगळ्यांची नावं सामाईक. नाहीतर नोटरी करून ताबा द्यायचा आणि फेरफार "नंतर बघू" म्हणायचं.

असे तुकडे नियमित करून घ्यायला पूर्वी बाजारमूल्याच्या २५ टक्के भरावे लागायचे. मग ते ५ टक्के झाले. २०२५ च्या नोव्हेंबरमधल्या अध्यादेशानं तेही माफ. महापालिका, नगरपालिका, प्राधिकरणं यांच्या हद्दीतल्या आणि आराखड्यात बिगरशेती वापराला ठेवलेल्या जमिनींपुरती ही माफी आहे, हे मान्य. आणि ज्यांनी गुंठा-दीड गुंठा घेतला त्यांच्यावर माझा बिलकुल राग नाही. चाकणला कंपनीत शिफ्ट करणारा, रिक्षा चालवणारा, बायकोचे दागिने मोडून जागा घेणारा माणूस आहे तो. शहरात त्याच्या पगारात घर बसत असतं तर तो ओढ्याकाठच्या गुंठ्यात कशाला आला असता? त्याची नोंद सातबारावर लागली तर चांगलंच आहे.

माझा प्रश्न वेगळा आहे. ज्यानं तुकडे पाडले, पैसे मोजून घेतले आणि पुढच्या गावात नवी कमान उभारली, तो या सगळ्यात कुठेच नाही. माफी खरेदीदाराला, मोकळीक त्याला.

आणि सरळमार्गी माणसाचं काय होतं बघा. माझा चुलतभाऊ, मुळशी तालुक्यात, अजून स्वतः भात करतो. वडिलोपार्जित घराचे तीन वाटे झाले, गावठाणात पाय ठेवायला जागा नाही. त्याला स्वतःच्याच शेताच्या कडेला, जिथं खडक वर आलाय आणि भात होतच नाही, तिथं दोन खोल्या काढायच्या होत्या. कचेरीत गेला तर कळलं, झोन शेतीचा. शेतघर बांधायचं तर किमान ०.४ हेक्टर, म्हणजे एक एकर हवं. वाटणीनंतर त्याच्याकडे एकराच्या आतच उरलंय. गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरच्या आतल्या जमिनींना बिनशेतीसाठी सवलत आहे, चांगली तरतूद आहे ती, पण आमची वाडी कागदावर गावठाणच नाही. चार पिढ्या राहतायत तिथं, तरी नाही. शेवटी ज्यानं त्याला सल्ला दिला त्यानं खासगीत सांगितलं, "बांधून टाका हो, पुढंमागं नियमित होतंय सगळं."

त्याच्या बांधाला लागून असलेल्या गटात त्याच वेळी प्लॉटिंग सुरू होतं. भातखाचर ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो. उतारावर एकाखाली एक खाचरं असतात. वरच्यातलं पाणी बांधात ठेवलेल्या तोंडातून खालच्यात उतरतं, तिथून त्याच्या खालच्यात, असं करत ओढ्याला. एका खाचराची पातळी नीट बसायला कित्येक पावसाळे जातात. इथं पंधरवड्यात हायवा गाड्यांनी मुरूम येऊन पडला, खाचरं गुडघ्याएवढी भरली, वरून रोलर. चुन्याच्या रेघा, सिमेंटचे खांब, आणि ओढ्याच्या जागी एक पाइप टाकला, फूटभर व्यासाचा. मुळशीचा पाऊस फूटभर पाइपातून! पहिल्याच आषाढात भावाच्या वरच्या खाचरातलं पाणी उतरेना, आवणी केलेली रोपं बुडून कुजली. खालचा शेतकरी पाण्याची वाट बघत बसला. नुकसान दोघांचं, आणि दोघांनीही एक गुंठासुद्धा विकलेला नव्हता.

म्हणून "आमची जमीन, आम्ही काय पण करू" हे मला पटत नाही. शेजारच्याचं पाणी अडवायचा हक्क सातबारावर कुठे लिहिलेला नसतो. २०२५ च्या पावसाळ्यात हिंजवडीच्या रस्त्यांवरून पाणी वाहिलं, आयटीवाल्यांच्या गाड्या बुडाल्या, तेव्हा बुजवलेल्या ओढ्या-नाल्यांची चर्चा पेपरात आली. गावात ती चर्चा आधीपासून होती, फक्त बुडत होतं ते भात, म्हणून बातमी झाली नाही.

पण दुसऱ्या तटाला, म्हणजे फ्लॅटवाल्यांना, जास्त सुनवायचंय. तुमची सोसायटी उभी आहे तिथंही कुणाचं तरी शेत होतं. इंद्रायणी तांदळाचा भात तुम्हाला बाजारभावात हवा, रविवारी हिरवाई बघायला हवी, आणि ती हिरवी ठेवायची जबाबदारी मात्र एकट्या शेतकऱ्यानं फुकटात उचलायची. एका गुंठ्याला जो भाव मिळतो तो कितीतरी हंगामांच्या भातातून निघत नाही. मुलीचं लग्न, दवाखाना, मुलाचं शिक्षण यापैकी काहीतरी असल्याशिवाय आमच्याकडे सहसा कुणी जमीन काढत नाही.

पुरेसा मोबदला न देता नकाशावर नुसता हिरवा रंग मारून ठेवला की काय होतं हे पुण्यानं टेकड्यांवर पाहिलंय. महापालिकेत समाविष्ट झालेल्या गावांतल्या टेकड्यांवर बीडीपीचं, म्हणजे जैवविविधता उद्यानाचं, आरक्षण पडलं, मोबदला म्हणून ८ टक्के टीडीआर, म्हणजे दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क, देऊ केला. मालकांना तो परवडला नाही, आरक्षण वर्षानुवर्षं लोंबकळत राहिलं, आणि मधल्या काळात त्याच उतारांवर पत्र्याच्या शेडपासून इमल्यांपर्यंत सगळं उभं राहिलं. नकाशात हिरवं, प्रत्यक्षात सिमेंटचं.

मला केरळचा २००८ चा भातजमीन आणि पाणथळ संरक्षण कायदा म्हणूनच आवडतो. भातजमीन बुजवायला मनाई, पण ज्या मालकाकडे राहायला दुसरी योग्य जागा नाही त्याला पंचायत हद्दीत घरासाठी १० सेंटपर्यंत मुभा मिळू शकते. १० सेंट म्हणजे आपले ४ गुंठे. गावपातळीवर समिती, तीत कृषी अधिकारी आणि शेतकऱ्यांचे प्रतिनिधी. भातजमिनींची नोंदवही वेगळी. २०१८ मध्ये तिथंही पैसे भरून वापर बदलायची वाट काढली गेलीच, म्हणजे सगळं आदर्श आहे असं नाही. तरी घर बांधणारा मालक आणि जमीन बुजवणारा धंदेवाला ही दोन वेगळी माणसं आहेत, एवढं तरी त्या कायद्याला कळतं. आपल्याकडे पहिल्याला एक एकराची अट आणि दुसऱ्याला मोकळीक.

आपल्याकडेही राहत्या घरापुरती मालकाला सरळ परवानगी द्यावी, खडकाळ कडेला, ओढा सोडून, आणि ते घर काही वर्षं विकता येणार नाही अशी अट घालावी. वाड्या-वस्त्यांना गावठाणाचा दर्जा द्यावा. मुरूम पडतानाच काम थांबवायचा अधिकार गावात कुणाकडे तरी असावा, कारण रोलर फिरल्यावर खाचर परत होत नाही. आणि ज्या पट्ट्यात शेतीच राहिली पाहिजे असं सरकार ठरवेल, तिथल्या शेतकऱ्याला दरवर्षी एकरी पैसे द्यावेत. कुठून आणायचे? शेजारच्या झोनमध्ये वाढीव एफएसआय, म्हणजे जादा बांधकामाची परवानगी, विकून जो प्रीमियम गोळा होतो, त्यातून. हडपसरच्या मगरपट्ट्यात शंभरावर शेतकरी कुटुंबांनी जमिनी एकत्र करून स्वतःच विकासक व्हायचं ठरवलं, त्यांचं मला कौतुक आहे. शेतकऱ्याला वाटा मिळू शकतो हे त्यांनी दाखवलं. शेत मात्र तिथंही उरलं नाही, आणि प्रत्येक गावाचं मगरपट्टा करता येणार नाही.

राहिला प्रश्न रविवारी साइट व्हिजिटच्या गाडीतून आमच्याकडे येणाऱ्यांचा. या, पण झोन दाखला आणि मोजणीचा नकाशा मागा, सामाईक सातबारावर पैसे देऊ नका, आणि जमलं तर जुलैत या. उन्हाळ्यात सगळेच प्लॉट कोरडे दिसतात. ओढा कुठून जातो हे एजंटला विचारून उपयोग नाही, वरच्या खाचरात कुणी दिसलं तर त्याला विचारा.