वेळासची उताणी कासवीण

गेल्या शनिवारी सूर्यास्ताच्या जरा आधी कोकणातल्या वेळासच्या किनाऱ्यावर मी उताणी पडले. त्याचा व्हिडिओ माझ्याआधी पुण्यात पोहोचलाय, तेव्हा लपवण्यात अर्थ नाही. फक्त एक दुरुस्ती करायची आहे. व्हिडिओ चाळीस सेकंदांचा आहे, मी पडून होते चांगली चार मिनिटं.

भाची म्हणाली होती, "मावशी, या वयात बॅकपॅकिंग म्हणजे धाडसच." त्यातलं 'या वयात' मला महागात पडलं. साठ लिटरची सॅक घेऊन बसले. सॅक लिटरमध्ये मोजतात हे मला दुकानात कळलं. आमच्या घरात लिटरवर फक्त दूध आणि रॉकेल यायचं. माझे आजोबाही वळकटी घेऊन अर्धा देश हिंडले, पण वळकटी उचलायला स्टेशनवर हमाल असायचा आणि आजोबांना धाडसी म्हटल्याचं कुणाच्या ऐकिवात नाही.

मंडणगडहून एसटीने पोहोचले तेव्हा कासवाची पिल्लं समुद्रात सोडायची वेळ होत आली होती. ज्यांच्याकडे उतरायचं होतं त्या वहिनी अंगणातून ओरडल्या, "अहो, ते बिऱ्हाड ठेवून तरी जा!" मी ठेवलं नाही. विंचू ठेवतो का?

वेळास हे नाना फडणवीसांचं गाव. आता मात्र माणसं येतात ती कासवांसाठी. पूर्वी ऑलिव्ह रिडले या समुद्री कासवांची अंडी माणसं उकरून न्यायची, उरलेली कोल्ह्याकुत्र्यांच्या पोटात जायची. २००२च्या सुमारास चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने गावकऱ्यांना हाताशी धरून ती अंडी कुंपणात हलवून जपायला सुरुवात केली. एका घरट्यात शंभरावर अंडी. पंचेचाळीस ते साठ दिवसांनी पिल्लं वर येतात, घरट्यावर झाकलेली टोपली सकाळ-संध्याकाळ उचलून बघायची, असतील तर पाण्यापासून थोडं अलीकडे वाळूवर सोडायची. हे सगळं तिथला कासवमित्र मुलगा दोरीपलीकडे उभा राहून शांतपणे सांगत होता. आणि त्याचं प्रत्येक वाक्य माझ्या शेजारचे काका पुन्हा सांगत होते, मोठ्याने, जणू आम्ही सगळे कानडी होतो.

काकांच्या डोक्यावर टोपी, गळ्यात दुर्बीण. पंधरा फुटांवरच्या पिल्लासाठी दुर्बीण. मुलगा म्हणाला, "वाळू जास्त गरम असेल तर माद्या जास्त होतात." काका म्हणाले, "गरम वाळू, मुली! लक्षात ठेवा!" मुलगा म्हणाला, "पिल्लांना हात लावायचा नाही, फ्लॅश नाही, टॉर्च नाही. त्यांची त्यांनी चालत गेली पाहिजेत." काकांनी हे दोनदा सांगितलं. एकदा आम्हाला, एकदा समुद्राला.

टोपलीतून अकरा पिल्लं निघाली. तळहाताहून लहान, काळीशार. मला एकच फोटो हवा होता. मी उकिडवी बसले. पण मागे साठ लिटर होते आणि त्यात भाचीच्या यादीतली प्रत्येक वस्तू होती. ते मला घेऊन मागे गेले. छातीचा पट्टा आवळलेला, कमरेचा पट्टा आवळलेला, बक्कलमध्ये वाळू. हात-पाय वर.

"हात लावू नका! कुणीही हात लावू नका!"

मला वाटलं कुणी पिल्लू उचललं. दोरीजवळच्या एक ताई म्हणाल्या, "अहो, त्या बाई पडल्यात."

"म्हणूनच सांगतोय," काका म्हणाले. "पडलेल्या माणसाला एकदम उचललं की मणका जातो. त्यांचं त्यांना उठू द्या."

"मला काही झालेलं नाही. नुसता हात द्या."

"बोलतायत! म्हणजे शुद्धीवर आहेत." हे माझ्याशी नव्हतं, लोकांशी होतं. "आता मागे व्हा. गोल करू नका. समुद्राची बाजू मोकळी ठेवा."

"काका, मला समुद्रात जायचं नाहीये."

"ताई, शक्ती वाया घालवू नका."

कुणीतरी मोबाईलचा उजेड माझ्या तोंडावर टाकला. "फ्लॅश बंद!" काका गरजले. "दिशा चुकते!" उजेड गेला. एवढ्यापुरते मी त्यांचे आभार मानते.

एक लहान मुलगा वाकून बघत होता. "आई, ही पण ऑलिव्ह रिडले आहे?"

आई काही बोलायच्या आत काकांनी उत्तर दिलं. "नाही रे बाळा. ऑलिव्ह रिडलेची पूर्ण वाढलेली मादीसुद्धा पन्नास किलोच्या आतच असते." आणि त्यांनी माझ्याकडे पाहिलं. नुसतं पाहिलं. सॅकसकट धरा म्हणावं, तर तेवढा दमही उरला नव्हता.

मला राग काकांचा नाही. म्हणजे आहेच, पण त्या माणसाने निदान काहीतरी नियम पाळला. बाकीच्यांच्या हातात मोबाईल होते. खाली पडून मोजायला वेळ होता म्हणून मोजले: सतरा. सतरा हातांपैकी एकालाही मोबाईल खिशात टाकावा वाटलं नाही. अकरा पिल्लांसाठी सगळे श्वास रोखून उभे, अरे किती इवलीशी, अरे किती एकटी! आणि पलीकडे एक बाई चार मिनिटं आभाळ बघतेय. आम्हा माणसांना दया येते, पण ती तळहातावर मावावी लागते.

शेवटी तो कासवमित्र मुलगा आला. शेवटचं पिल्लू लाटेत जाईपर्यंत त्याला जागा सोडता येत नव्हती, हे मला पटलं. त्याने बक्कल एका बोटाने सोडवलं आणि मला उठवलं. मी समुद्राकडे पाहिलं. नुसत्या लाटा. मुद्दाम आणलेला चांगला कॅमेरा, नवी सॅक, कोऱ्या चपला, आणि मी एकही कासव पाण्यात जाताना पाहिलं नाही.

"थोडी घाई केलीत," काका म्हणाले.

ओडिशात २०२१ साली बिल्ला लावलेली एक कासवीण २०२५च्या जानेवारीत गुहागरला अंडी घालताना सापडली. अख्ख्या द्वीपकल्पाला वळसा, पाठीवर फक्त स्वतःचं घर. तिला वाटेत कुणी काका भेटले असतील का, हा विचार मी परतीच्या वाटेवर बराच वेळ केला.

रात्री जेवायला ओसरीवर गेले तर समोरच्या पाटावर काका. त्यांचं कुटुंबही वहिनींकडेच उतरलेलं. वहिनींनी उकडीचे मोदक वाढले आणि विचारलं, "काय, दिसली का कासवं?"

"अंधारात पिल्लं नीट आली नाहीत हो," काका म्हणाले आणि मोबाईल त्यांच्यापुढे धरला. "पण हे बघा."

वहिनी पदर तोंडाला लावून आत पळाल्या. काकांनी व्हिडिओ पुन्हा लावला, स्वतःच बघितला, आणि एखाद्या दिग्दर्शकासारखे गंभीर झाले.

"यात शेवट नाहीये," ते मला म्हणाले. "उद्या सकाळी परत टोपली उघडणार आहेत. पडलातच, तर तोंड समुद्राकडे ठेवा."

त्यांच्या पानातला मोदक मी उचलला. हात लावू नका म्हणायला त्यांना उशीर झाला.