चालू इंजिनवर बॅटरीची वायर काढू नका

पावसाळा आला की ठाण्या-नवी मुंबईच्या गाडीवाल्यांत एक मेसेज फिरतो: ‘बॅटरीचा लाल दिवा लागला तर अल्टरनेटर नवाच टाका, आतला कटआउट वेगळा बदलत नाहीत. खात्री हवी तर चालू इंजिनवर बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. गाडी बंद पडली की समजा अल्टरनेटर गेला.’

अल्टरनेटर म्हणजे इंजिनच्या बेल्टवर फिरून बॅटरी चार्ज करणारा जनरेटर, आणि कटआउट म्हणजे त्याचं व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर. आधी वायरीचं बोलू, कारण खरं नुकसान तिथे होतं. अल्टरनेटर चार्ज करत असताना बॅटरी तोडली की व्होल्टेज क्षणात कित्येक पट उसळतं. एरवी तो झटका बॅटरी पचवते. ती नसली की अल्टरनेटरमधले डायोड (एसी करंटचा डीसी करणारे) जातात, ईसीयू म्हणजे गाडीचा कंप्युटरसुद्धा जातो. त्यापेक्षा मल्टीमीटर लावा. इंजिन बंद असताना चांगली बॅटरी 12.6 व्होल्टच्या आसपास दाखवते, चालू असताना 13.8 ते 14.5. हेडलाइट, ब्लोअर लावून दीड-दोन हजार आरपीएमवर मोजा. घोडबंदरच्या ट्रॅफिकमधला आयडलचा आकडा धरू नका. आकडा सतत 15 च्या वर असेल तर संशय कटआउटवर. ज्या नव्या गाड्यांत चार्जिंग ईसीयू ठरवतो, तिथे आकडा खालीवर होतोच; तिथे स्कॅनर लावा.

कटआउट वेगळा बदलत नाहीत, हेही खोटं. बऱ्याच अल्टरनेटरमध्ये तो कार्बनसकट (फिरत्या रोटरला करंट देणारे ब्रश) मागच्या झाकणाखाली दोन-तीन स्क्रूंवर बसतो. काहींत मात्र डाख काढावा लागतो. इंजिन बंद, निगेटिव्ह काढलेली, मगच हात घाला. कार्बन होल्डरबाहेर 5 मिलिमीटरपेक्षा कमी उरला असेल तर तो संपला. मग स्लिप रिंगवरून, म्हणजे रोटरवरच्या ज्या कड्यांवर कार्बन घासतो त्यांवरून, नख फिरवा. नख खाचेत अडकलं तर नवा कार्बनही तिथे नाचेल आणि लवकर झिजेल. रोटर आधी लेथवाल्याकडे न्या. नवा होल्डर बसवताना कार्बन आत दाबून धरा (काहींत त्यासाठी पिनेचं भोक असतं), नाहीतर त्याचा कोपरा तुटतो. पार्ट नंबर आणि प्लगच्या पिना जुन्याशी जुळवूनच घ्या.

पूर्ण अल्टरनेटर बदलावा लागतो तो वाइंडिंग जळालं, रिंगा खोल खाल्ल्या गेल्या तर. इंजिन चालू असताना मल्टीमीटर एसी व्होल्टवर ठेवून बॅटरीवर अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर डायोड तपासा.

आणि काही खोलण्याआधी बेल्ट बघा, अल्टरनेटरच्या मोठ्या बोल्टपासून बॅटरीच्या प्लसपर्यंतचा व्होल्टेज ड्रॉप (वाटेत किती व्होल्ट पडतात ते) हेडलाइट, ब्लोअर लावून मोजा. 0.3 व्होल्टच्या वर गेला तर वायरीच्या टोकाचे लग, इंजिन बंद करून आणि बॅटरीची निगेटिव्ह काढून, काढून घासा. खाडीकाठच्या दमट हवेत ते हिरवे पडतात, आणि नवा अल्टरनेटर टाकूनही बॅटरी उपाशीच राहते.