दुर्बीण, लाल पारा आणि पन्नास लाख

काल सकाळी आठला पुतण्या अंगणात मोठ्या बाबांची दुर्बीण घेऊन सूर्याकडे तोंड करून उभा. डोळ्याला लावायच्या आत हिसकावली. म्हणे, "काका, टेस्ट करून राह्यलो."

गावातल्या तीन ग्रुपवर फिरलेला मेसेज असा: दुसऱ्या महायुद्धातल्या लष्करी दुर्बिणीत लाल पारा असतो. काच निळसर असेल तर जमिनीतलं गुप्तधन दिसतं, आतल्या रेषा म्हणजे त्याचा नकाशा. अस्सल दुर्बिणीतून सूर्य लाल दिसतो. कंपनी पन्नास लाख देते, फक्त आधी 'टेस्टिंग फी' भरा.

आधी सूर्याचं. हे लिहिणाऱ्याला बैलाच्या तुतारीनं टोचलं पाहिजे. दुर्बिणीवर 6 x 30 लिहिलंय, म्हणजे दिसणार सहा पट मोठं आणि समोरची काच 30 मिलिमीटरची. उन्हात डोळ्यातली बाहुली बारीक होऊन डोळा वाचवते. दुर्बिणीतून त्याच बारीक बाहुलीत उघड्या डोळ्यापेक्षा जवळपास 36 पट उजेड घुसतो. लहानपणी भिंगानं कापूस पेटवला ना? इथं कापसाच्या जागी डोळ्याचा पडदा. त्या पडद्याला दुखणं कळतच नाही, म्हणून पोरगं पाहतच राहतं. अंधुक दिसायला लागतं काही तासांनी, आणि नजरेच्या मधोमध पडलेला डाग जन्माचा राहू शकतो.

लाल पारा? ही दुर्बीण मी दोनदा खोललीय. आत चार प्रिझम, मेणासारखं घट्ट झालेलं ग्रीस आणि आपल्या पावसाळ्यानं काचेवर चढवलेली कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी. लाल पारा नावाचा पदार्थ आजवर कुणी सिद्ध करून दाखवलेला नाही. हां, युद्धकाळातल्या काही होकायंत्रांच्या आकड्यांवर रेडियमचा रंग असायचा, तेवढं खरं. तसलं काही हाती लागलं तर खरवडू नका. चमक गेली तरी रेडियम तिथंच असतं, ते निम्मं व्हायलाच 1600 वर्षं लागतात.

निळसर झाक म्हणजे काचेवरून उजेड परतून वाया जाऊ नये म्हणून दिलेला थर. जर्मनीच्या झाइस कंपनीत स्माकुला नावाच्या शास्त्रज्ञानं तो 1935 मध्ये काढला. आतल्या रेषा कोन मोजायला, तोफगोळा किती बाजूला पडला ते सांगायला. मोठ्या बाबांच्या दुर्बिणीवर 'बिनो प्रिझम नं. 2 मार्क 3', ब्रिटिश लष्करी मालावरचा बाणाचा ठसा आणि 1943 आहे. अशा हजारोंनी निघाल्या. म्हणजे सगळ्यांत एकाच गुप्तधनाचा नकाशा काय?

आणि समजा, दिसलंच धन. 1878 चा निखात निधी कायदा अजून लागू आहे. जमिनीत दहा रुपयांच्या वरचं काही सापडलं की कलेक्टरला कळवावं लागतं. ही गोष्ट मेसेजवाल्यानं बरोबर गाळली.

किमतीचं म्हणाल, तर जर्मन पाणबुड्यांवरच्या मोठ्या झाइस दुर्बिणींना शौकीन लाखांत मोजतात, नाही म्हणत नाही. कामठीच्या भंगारातून आणलेल्या आपल्या 6 x 30 चे काही हजार आले तरी खूप. मोठ्या बाबांनी तुरीच्या पैशातून फीचे पाच हजार काढून पेटीत ठेवले होते. आज त्या पैशांची खताची पोती आली.