सायकल भुकेसाठी चालवावी

सहलीला गेलेल्या नवरा-बायकोने सायकल चालवावी ती व्यायाम म्हणून नव्हे, तर एका खाण्यापासून दुसऱ्या खाण्यापर्यंत जाताना भूक लागावी म्हणून, असे माझे ठाम मत आहे. हे सांगावेसे वाटते कारण आमच्या पुण्यात सायकल अलीकडे फार गंभीर वस्तू झाली आहे. एके काळी शाळा-कचेरीला नेणारी ही गरीब गाय आता पहाटे साडेपाचला हेल्मेट घालून खडकवासल्यापर्यंत पळवायची आणि घरी आल्यावर सरासरी वेग व्हॉट्सॲपवर जाहीर करायचा, असा प्रघात पडला आहे. माझे यजमान याच पंथातले. जानेवारीत आम्ही पणजीला गेलो तेव्हा त्यांच्या मनात शंभर किलोमीटरचा बेत होता आणि माझ्या मनात मांडवी नदीतले दिवाडी बेट व दुपारचे जेवण. माझा बेत मंजूर झाला, याचे श्रेय मी त्यांच्या समजूतदारपणापेक्षा गोव्यातील मासळीला देते.

सायकली मिळाल्या त्या बिनगिअरच्या, जड आणि पुढे तारेची टोपली असलेल्या. यजमानांनी नाक मुरडले, मला मात्र ती टोपली पाहूनच बरे वाटले. सकाळी पणजीतल्या फोंताईनासच्या गल्लीत पदेर, म्हणजे पाववाला, पों-पों करत आला, तोही सायकलवरच. मागे बांधलेल्या भल्या मोठ्या टोपलीवरचे निळे प्लास्टिक त्याने बाजूला केले, तशी आतली वाफ चेहऱ्यावर आली. उंडे, कात्र्याचे पाव, कडक कांकणे आणि कोंडा भुरभुरलेली, आतून पोकळ पोय. गोव्यात न्याहारी आणि सायकल यांचे नाते इतके जुने आणि इतके साधे आहे की माझ्या मताला याहून चांगला साक्षीदार शोधावा लागला नाही. चार पोया वर्तमानपत्रात गुंडाळून टोपलीत टाकल्या, बाजारातल्या एका छोट्या हॉटेलात पातळ भाजी, उंडा आणि मिरचीची भजी खाल्ली, दुसरा चहा घेतला आणि मगच निघालो.

पणजीहून जुन्या गोव्याला जाताना रायबंदरपर्यंतचा सुमारे तीन किलोमीटरचा बांध लागतो. पोर्तुगीज व्हाइसरॉय लिन्यारिशच्या काउंटने तो १६३० च्या दशकात बांधून घेतला, म्हणून त्याला अजूनही त्याच्याच नावाने ओळखतात. एका बाजूला मांडवी, दुसऱ्या बाजूला खारफुटी आणि मिठागरे, आणि संपूर्ण वाट सपाट. वाहने असतात, त्यामुळे आठच्या आत हा टप्पा पार करणे बरे. जुन्या गोव्यातील चर्चे आम्ही यापूर्वी पाहिलेली असल्याने तिथे थांबलो नाही. व्हाइसरॉयच्या कमानीखालून थेट धक्क्यावर गेलो आणि फेरीबोटीत चढलो. पायी जाणाऱ्यांना इथे तिकीट नसते, आमच्या सायकलींचेही कोणी काही मागितले नाही. पाच-सात मिनिटांत पलीकडचा लोखंडी उतार खडखडत खाली आला आणि बेट सुरू झाले.

दोघांनी मिळून सायकल चालवण्याचा एकच नियम मी मानते, तो म्हणजे जो हळू चालवतो त्याने पुढे राहावे. बहुतेक जोडपी याच्या बरोबर उलट करतात. नवरा पुढे निघून जातो, वळणावर थांबून मागे पाहतो, बायको धापा टाकत तिथे पोहोचते आणि त्याच क्षणी त्याची विश्रांती संपलेली असल्यामुळे तो पुन्हा निघतो. या पद्धतीत विश्रांती फक्त एकालाच मिळते, आणि दुपारी जेवायला बसल्यावर जे मौन असते त्याचे मूळ सकाळच्या त्या वळणात असते. मी पुढे राहिल्यामुळे आमचा वेग घटला हे खरे, परंतु वेग घटला म्हणूनच खाजनातली मानस, म्हणजे खाडीकाठच्या शेतबांधातले पाण्याचे दार, नीट पाहता आली.

पिएदादच्या टेकडीवरच्या चर्चपर्यंत सायकली ढकलत नेल्या. तिथून उतरल्यावर नार्व्याकडे जाणारा रस्ता खाजन जमिनीतून जातो. खाडीचे खारे पाणी बांध घालून अडवायचे आणि आत भात पिकवायचे, ही गोव्यातील फार जुनी व्यवस्था आहे आणि मानस म्हणजे त्या बांधातले दार. भरतीचे पाणी चढू लागले की त्याच्याच दाबाने लाकडी झडपा मिटतात, ओहोटीला आतले पाणी बाहेर जाताना त्या उघडतात. माणसाला हात लावावा लागत नाही. बाहेर पडणाऱ्या पाण्याच्या तोंडाशी जाळे लावले की सुंगटे, म्हणजे कोळंबी, आणि लहान मासे आयते मिळतात. आम्ही पोहोचलो तेव्हा ओहोटी होती आणि एक गृहस्थ जाळे झटकत होते. बोटाएवढी, काचेसारखी पारदर्शक सुंगटे टोपलीत उडत होती. यजमानांनी या वेळी किलोमीटर किती झाले हे पाहिले नाही, याची मी मनातल्या मनात नोंद घेतली.

नार्व्याला दुसरी फेरी घेऊन नदीपलीकडे सप्तकोटेश्वराचे दर्शन घेतले. कदंब राजांचे हे कुलदैवत मूळचे दिवाडी बेटावरचे. पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात तिथले देऊळ पाडल्यावर लिंग पलीकडे डिचोलीच्या बाजूला नेण्यात आले आणि १६६८ मध्ये शिवाजी महाराजांनी तेथील मंदिराचा जीर्णोद्धार करवला. हा इतिहास आपण शाळेपासून ऐकतो, परंतु देवाने जी नदी ओलांडली ती आपण सायकल हाताशी धरून ओलांडली की अंतर किती थोडे आणि तरी किती पुरेसे होते, हे उमगते. देवळाबाहेर झाडाखाली बसून टोपलीतल्या पोया केळ्यांबरोबर संपवल्या. पोयीत केळे घालून खाणे गोव्यातील जाणकारांना रुचेल की नाही, कोण जाणे, आम्हाला रुचले.

बेटावर हॉटेले मोजकीच आहेत, त्यामुळे दीडच्या आत परतणे आवश्यक होते. शीत (भात) आणि हुमण (माशाचे कालवण), रव्यात तळलेली मुडदुशी मासळी, तिसऱ्यांचे (शिंपल्यांचे) सुके, सुक्या सुंगटांची किस्मूर आणि सोलकढी. एकच थाळी दोघांत घ्यायची आणि वर जे आवडेल ते मागवायचे, ही आमची रीत. मुडदुशी दोनदा मागवावी लागली. माशाच्या थाळीत मला स्वतःला किस्मूर सर्वांत महत्त्वाची वाटते. खोबरे, कांदा आणि कोकम यांत कुरकुरीत जवळा चुरडलेला असतो आणि चिमूटभर किस्मुरीने साधा भातही उठून बसतो. पर्यटकांच्या थाळीत तिच्याकडे फारसे कोणी पाहत नाही, सगळ्यांचे डोळे पापलेटवर. जेवणानंतर लगेच सायकलवर बसणे हा अन्नाचा अपमान आहे, म्हणून चार वाजेपर्यंत एका ओसरीवजा जागेत स्वस्थ बसलो, आणि रायबंदरची फेरी पकडून उन्हे उतरताना बांधावरून परत आलो.

दिवसभरात मिळून तीस-पस्तीस किलोमीटर झाले असतील. पुण्याच्या गटात सांगण्यासारखा हा आकडा नाही, असे यजमान म्हणाले, आणि ते म्हणत असताना पणजीतील गाड्यावर रस ऑम्लेटची दुसरी बशी त्यांच्याच हातात होती. शागोती या मसालेदार रश्श्यात बुडालेले ऑम्लेट, वर कच्चा कांदा, लिंबू आणि बशी पुसायला पाव.

कोणाला जायचे असल्यास नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ बरा, कारण खाजनाच्या रस्त्यावर सावली जवळजवळ नाही आणि एप्रिल-मेमध्ये तिथे दहा वाजताच डोके तापते. जून-जुलैमध्ये मासेमारीची बंदी असते, तेव्हा ताज्या मासळीच्या आशेने जाऊ नये. सायकल घेताना गिअर नसले तरी चालतील, ब्रेक आणि टोपली मात्र पाहून घ्यावी.