मल्टी-करन्सी खात्याने चलनबदल फुकट होत नाही

जर्मनीत शिकायला निघालेल्या मुलांच्या पुण्यातील पालकांमध्ये सध्या मल्टी-करन्सी, म्हणजे एकाहून अधिक देशांचे चलन ठेवता येणाऱ्या, खात्याबद्दल एक संदेश फिरतो आहे. 'मल्टी-करन्सी खाते किंवा कार्ड घ्या. चलनबदलाचा खर्च शून्य, प्रत्येक व्यवहारात चार टक्के बचत, दर उतरला की युरो भरून ठेवा आणि टीसीएसची कटकट विसरा,' असा त्याचा सारांश आहे. (टीसीएस म्हणजे परदेशी रक्कम पाठवताना बँक आधीच कापून घेते तो कर.) यातले बचतीचे विधान अर्धे खरे आहे. बाकीची टिकत नाहीत.

'शून्य खर्च' या दाव्याकडे सर्वांत बारकाईने पाहायला हवे, कारण मोठी रक्कम तिथेच हातची जाते. बँक वेगळे शुल्क आकारत नसली तरी ती युरो ज्या दराने विकते तो दर बाजारातील दरापेक्षा चढा असतो आणि तिची खरी कमाई या फरकातूनच होते. जर्मनीच्या विद्यार्थी व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये, म्हणजे राहण्याच्या खर्चाचे पैसे आधीच भरून दरमहा थोडे थोडे काढता येणाऱ्या खात्यात, सप्टेंबर २०२४ पासून वर्षाचे ११,९०४ युरो, म्हणजे दरमहा ९९२ युरो, ठेवावे लागतात. हिशेबाच्या सोयीसाठी युरोचा बाजारदर १०० रुपये धरू. बँकेने १०२ रुपये लावले, तर 'शुल्क शून्य' असूनही पालकांचे २३,८०८ रुपये जास्त जातात. याउलट, ज्या जीएसटीबद्दल सगळे कुरकुरतात तो या व्यवहारावर जेमतेम हजार-बाराशेच्या घरात असतो. चलनबदलात पूर्ण रकमेवर नव्हे, तर नियमाने ठरवलेल्या तिच्या लहानशा अंशावर १८ टक्के कर लागतो. म्हणून शुल्क किती हा प्रश्न दुय्यम आहे. 'मी आज बारा लाख रुपये दिले, तर मधल्या बँकेची कपात वजा जाऊन समोरच्या खात्यात नेमके किती युरो जमा होतील?' असे दोन-तीन बँकांना एकाच दिवशी, शक्यतो एकाच तासात विचारावे. रिझर्व्ह बँकेच्या पुढाकाराने २०१९ मध्ये सुरू झालेल्या एफएक्स-रिटेल या मंचावर किरकोळ ग्राहकालाही आपल्या बँकेमार्फत डॉलर बाजाराच्या जवळच्या दराने घेता येतात, हे शाखेत सहसा कोणी आपणहून सांगत नाही.

चार टक्क्यांचा आकडा हवेतला नाही. अनेक क्रेडिट कार्डांवर ३.५ टक्के मार्कअप, म्हणजे परकीय चलनातील व्यवहारावरचा जादा आकार, आणि त्यावर १८ टक्के जीएसटी असतो, तो एकूण ४.१३ टक्के होतो. पण ही तुलना परदेशात क्रेडिट कार्ड वापरण्याशी आहे. ब्लॉक्ड अकाउंटची रक्कम कोणी क्रेडिट कार्डाने भरत नाही, ती बँकेतून थेट पाठवली जाते. तिथे चार टक्के वाचवण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. शिवाय कार्डात युरो भरले आणि सुटीत प्राग किंवा झुरिक गाठले, तर तिथे कोरुना आणि फ्रँक चालतात. ते चलन कार्डात नसेल तर युरोतून पुन्हा बदल होतो आणि बहुतेक कार्डांवर त्याचे वेगळे शुल्क पडते.

'दर उतरला की भरून ठेवा' हा सल्ला देणाऱ्याला दर केव्हा उतरेल हे ठाऊक असते, असे गृहीत धरावे लागते. ते सोडले तरी नियम आड येतो. निवासी भारतीयाने घेतलेले परकीय चलन वापरले वा गुंतवले नाही, तर ते खरेदीपासून किंवा मायदेशी परतल्यापासून १८० दिवसांत बँकेला परत करावे लागते. परत देताना बँकेचा खरेदीदर लागतो, म्हणजे फरकाचा फटका दुसऱ्यांदा बसतो.

टीसीएसबाबतचा दावा तर सरळ चुकीचा आहे. फॉरेक्स म्हणजे परकीय चलनाच्या कार्डात भरलेली रक्कम उदारीकृत प्रेषण योजनेत, म्हणजे परदेशी पैसे पाठवण्याच्या रिझर्व्ह बँकेच्या योजनेत, वर्षाला अडीच लाख डॉलरच्या मर्यादेत, पॅनवर मोजली जाते. बँका बदलल्याने ती लपत नाही. १ एप्रिल २०२५ पासून वर्षाला दहा लाख रुपयांपर्यंत टीसीएस नाही, आणि मान्यताप्राप्त वित्तसंस्थेच्या शैक्षणिक कर्जातून पाठवलेल्या रकमेवर तो मुळीच नाही. कापला गेलाच तरी विवरणपत्रात वळता करता येतो. पैसा काही महिने अडकतो, बुडत नाही.

अशा खात्याचा खरा उपयोग ज्याची कमाई आणि खर्च एकाच परकीय चलनात आहे त्याला होतो. हिंजवडीच्या कंपनीतून दोन वर्षांसाठी लंडनला गेलेल्या आणि पगार पौंडांत घेणाऱ्या अभियंत्याचा बदलाचा खर्च त्यामुळे खरोखर टळतो. कोथरूडमध्ये बसून डॉलरमध्ये बिले काढणाऱ्या व्यावसायिकासाठी परकीय चलनातील कमाई त्याच चलनात ठेवण्याचे ईईएफसी खाते आहे, पण त्यावर व्याज मिळत नाही आणि शिल्लक साधारणपणे पुढच्या महिनाअखेरपर्यंत रुपयांत बदलावी लागते. रुपयांत कमावणाऱ्या पालकाला मात्र एकदा तरी बदल करावाच लागणार. त्याच्या हातात फक्त दर निवडणे आहे.

संदेशाच्या शेवटी परदेशातील खरेदीबद्दल 'दुकानात रुपयांतच पैसे भरा, म्हणजे हिशेब कळतो' असाही सल्ला आहे. तो पाळू नये. यंत्रावर रुपयांचा पर्याय निवडला की दर दुकानदाराच्या बाजूची यंत्रणा ठरवते, तो सहसा महाग असतो, आणि त्यावर आपली बँकही काही वेळा शुल्क लावते.