श्रेय देणं आणि परवानगी घेणं : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार ताई,

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. कव्हर गाण्यांच्या, म्हणजे दुसऱ्याने आधी गायलेलं गाणं स्वतःच्या आवाजात पुन्हा गाण्याच्या, परवान्यांवरच्या माझ्या लेखाने हौशी गायकांना उगाच घाबरवलं, असं तुमचं म्हणणं. तुम्ही लिहिलंय की तुम्ही एक पैसा कमावत नाही, व्हिडिओखाली मूळ गायिकेचं आणि सिनेमाचं नाव ठळक लिहिता, कराओके ट्रॅकवर (नुसत्या वाद्यांच्या तयार साथीवर) मनापासून गाता, तरी यूट्यूबवर तुमचं एक गाणं बंद पडलं, मग यात कोणाचं काय गेलं? आणि शेवटी, 'तुम्ही कंपन्यांची बाजू घेताय.' हे शेवटचं वाक्य मला लागलं, म्हणून सविस्तर लिहितोय.

आधी श्रेयाचं. नाव लिहिण्यामागची तुमची भावना मला कळते, पण नाव लिहिल्याने परवानगी मिळत नाही. गंमत नाही, खरंच सांगतो, भारताच्या कॉपीराइट कायद्यात मालकाच्या संमतीशिवाय, ठरलेले पैसे भरून कव्हर काढायची जी वाट ठेवली आहे, ती नेमकं उलटं सांगते. कलम ३१सी, जे २०१२ च्या दुरुस्तीने आलं, त्यानुसार अशा कव्हरच्या वेष्टनावर आधीच्या गायकाचं नाव किंवा चित्र, तसंच ज्या सिनेमात ते गाणं होतं त्याचं नाव घालता येत नाही. उलट 'हे कव्हर आहे' असं छापावं लागतं. कारण साधं आहे : मूळ गायिकेचं नाव पाहून घेणाऱ्याने दुसऱ्याच कोणाचा आवाज घरी नेऊ नये. शिवाय गाणं पहिल्यांदा ध्वनिमुद्रित झालं ते वर्ष संपल्यावर पाच वर्षं थांबायचं, मालकाला आधी नोटीस आणि पैसे द्यायचे, आणि शब्द-चालीत मनाने बदल करायचे नाहीत.

ज्यांचं नाव तुमच्याकडूनही राहून जातं ते म्हणजे गीतकार आणि संगीतकार. कव्हर करताना तुम्ही गायिकेचा आवाज वापरत नाही, या दोघांचं काम वापरता. त्याच २०१२ च्या दुरुस्तीने त्यांना रॉयल्टीत समान वाट्याचा हक्क दिला. सिनेमागृहात सिनेमा दाखवण्यापलीकडे गाणं जिथे जिथे वापरलं जाईल तिथे हा वाटा लागू होतो. आणि तो त्यांना दुसऱ्याच्या नावे लिहूनही देता येत नाही, अपवाद फक्त वारस आणि कॉपीराइट सोसायटी, म्हणजे हक्कदारांसाठी रॉयल्टी गोळा करणारी संस्था. वर्षानुवर्षं एकरकमी मानधनावर सगळे हक्क सोडून द्यावे लागलेल्या माणसांसाठी ही तरतूद फार मोठी आहे. मी बाजू घेत असेन तर यांची घेतो.

आता कराओके. इथे बहुतेकांचा घोळ होतो आणि माझाही झाला होता. एका गाण्यात दोन वेगळे हक्क असतात : शब्द-चालीचा एक आणि ध्वनिमुद्रणाचा दुसरा. कराओके ट्रॅक हेही कोणीतरी वादक बसवून केलेलं ध्वनिमुद्रणच. मी असाच एक ट्रॅक लावून गायलो आणि यूट्यूबवर टाकलं, तर 'हे आमचं आहे' असे हक्कदारांचे दोन दावे आले, एक चालीसाठी, एक ट्रॅकसाठी. ट्रॅकवाल्याने व्हिडिओ बंदच केला. मग पेटीवर स्वतः सूर धरून तेच गाणं पुन्हा रेकॉर्ड केलं. मधला व्हायोलिनचा तुकडा पेटीवर बसवायला तीन संध्याकाळी गेल्या. यावेळी एकच दावा आला, चालीचा. व्हिडिओ सुरू राहिला, जाहिरातीचे पैसे हक्कदाराकडे जातात, आणि मला ते योग्य वाटतं.

'हजारो कव्हर्स आहेत, कोणाला काही होत नाही' याचं उत्तरही यातच आहे. यूट्यूबची कंटेंट आयडी यंत्रणा चालही ओळखते आणि मालकाला तीन पर्याय देते : व्हिडिओ रोखा, त्यातून पैसे घ्या, किंवा फक्त आकडे बघा. बरेच मालक पैसे घेतात, म्हणून व्हिडिओ टिकतात. ही त्यांची मर्जी आहे आणि ती उद्या बदलू शकते. दावा म्हणजे स्ट्राइक (मालकाच्या तक्रारीवरून व्हिडिओ काढून चॅनलला दिलेला इशारा) नव्हे, तेव्हा दावा आला म्हणून घाबरू नका. नव्वद दिवसांत तीन स्ट्राइक आले तर मात्र चॅनल जाऊ शकतं.

कमाई नाही, हा मुद्दा घरात गाण्यापुरता बरोबर आहे. हौशी मंडळाने तिकीट न लावता कार्यक्रम केला तर त्यालाही कायद्यात सूट आहे. नेटवर कायमचं ठेवलेलं रेकॉर्डिंग त्यात बसत नाही.

एका ठिकाणी तुमचा राग रास्त आहे आणि चूक माझी आहे. 'कायद्यात वाट आहे, ती घ्या' असं मी एका ओळीत लिहून मोकळा झालो. ती वाट कॅसेट-सीडी काढणाऱ्यांसाठी आखलेली आहे. दर वर्षी, दर गाण्यामागे किमान ५०,००० प्रतींची रॉयल्टी भरायची, हे फोनवर गाणाऱ्या माणसाला कसं परवडणार? आणि ती फक्त ध्वनिमुद्रणाला लागू आहे. चित्र जोडलं की मालकाशी वेगळं बोलावं लागतं. अमेरिकेतही तसंच. तिथला सक्तीचा परवाना (मालकाला नाकारता येत नाही असा) १९०९ पासूनचा, आपोआप वाजणाऱ्या पियानोच्या कागदी गुंडाळ्यांसाठी आलेला, म्हणून त्याला आजही 'मेकॅनिकल' म्हणतात. व्हिडिओ त्यातही येत नाही. पण तिथे २०२१ पासून स्ट्रीमिंग कंपन्या एकत्रित परवाना घेऊन ही रॉयल्टी स्वतः भरतात, गाणाऱ्याला तेवढ्यासाठी दारोदार फिरावं लागत नाही. आपल्याकडे हौशी गायकाला परवडेल असा, व्हिडिओसकट, छोटा परवाना हवा. हे मी मूळ लेखातच लिहायला हवं होतं. आज त्यात भर घालतोय.

तोवर तुम्ही करू शकाल असं : कराओके ट्रॅक घेताना तो प्रसिद्ध करायची मुभा आहे का ते लेखी बघा, किंवा नुसत्या तानपुऱ्यावर गा. शीर्षकात 'कव्हर' लिहा, स्वतःचं नाव आधी, आणि खाली गीतकार-संगीतकारांची नावं. अभंग गाणार असाल तर तुकोबांचे शब्द सगळ्यांचे आहेत, पण चाल एखाद्या आधुनिक संगीतकाराची असेल तर ती त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं संरक्षित असते. पारंपरिक चालीत गायलात तर प्रश्नच नाही.

तुमचं ते बंद पडलेलं गाणं कोणतं, आणि दावा चालीवर आला की ट्रॅकवर, एवढं कळवाल का? दाव्याच्या तपशिलात ते लिहिलेलं असतं. ट्रॅकवर असेल तर फक्त साथ बदलून ते पुन्हा टाकून बघता येईल.